तारखेचं चित्र: शाई की टॅब्लेट?

मैत्रिणीचा प्रश्न: रोज त्या तारखेची ऐतिहासिक घटना रेखाटायची, तर आमच्या चित्रकार गटाने शाई धरावी की टॅब्लेट?

खर्चात शाई सरळ स्वस्त. खरी कसोटी दुरुस्तीची. १७ डिसेंबर १९०३ घ्या, राइट बंधूंच्या पहिल्या विमानोड्डाणाचा दिवस. ऑर्व्हिल राइट विमानात बसला नव्हता, खालच्या पंखावर पालथा झोपला होता. कुणी त्याला बसलेला काढला, तर शाईत अख्खं पान पुन्हा. टॅब्लेटवर तेवढा थर बदलला की झालं. पण दहा हातांच्या दहा रेषा कागदावर जशा वेगळ्या उमटतात, तशा पडद्यावर नाही. मला त्या फार प्रिय आहेत.

रोजची तारीख गाठायची असेल तर टॅब्लेटच. महिन्याला मोजकी चित्रं काढून प्रदर्शन भरवायचं असेल, तर शाई घ्या.