आईच्या गाडीतील धाकटी खुर्ची : सोलापुरात आठ महिने वापरलेल्या चाइल्ड सीटविषयी

आमच्या घरी गाडी मी चालवते. त्यामुळे आमच्या सव्वातीन वर्षांच्या चिरंजीवांच्या लेखी ती ‘आईची गाडी’ आहे आणि तिच्यापुढे बाबांची मोटारसायकल ही अगदीच किरकोळ वस्तू आहे. किल्ल्यांचा आवाज झाला की तो जेवणाच्या ताटावरून उठतो, उभ्या गाडीत स्टिअरिंगला लोंबकळत तोंडाने गिअर बदलतो, आणि इंडिकेटरचा टिकटिक आवाज त्याला कोणत्याही बडबडगीतापेक्षा अधिक प्रिय आहे. आईला रोज सकाळी घेऊन जाणारी आणि संध्याकाळी परत आणून सोडणारी ही वस्तू त्याला जादूची वाटत असेल, तर त्यात नवल नाही. मात्र या वेडापायी गेल्या नागपंचमीला जे घडले, त्यानंतर मी चाइल्ड सीट विकत घेतली. सप्टेंबरपासून आज मेअखेरपर्यंत ती वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. पुढे तक्रारीही लिहिल्या असल्याने कंपनीचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम टाळले आहे.

घडले ते असे. बाजारातून आणलेल्या पिशव्या मी घरात नेत असताना हे महाशय किल्ली हातात घेऊन चालकाच्या जागी जाऊन बसले, दार ओढून घेतले आणि किल्लीवरील बटण दाबून चारही दारे आतून बंद करून मोकळे झाले. दुसरी किल्ली कपाटात होती, आभाळ भरून आलेले होते आणि सारा प्रकार चार-पाच मिनिटांत आटोपला; तेवढ्या वेळात तो आनंदाने हॉर्न वाजवत होता आणि सासूबाई काचेवर हात आपटत होत्या. हेच मे महिन्यातील दुपारी झाले असते तर, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. उन्हात उभ्या गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते, काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तुलनेत तिपटीहून अधिक वेगाने तापते. सोलापुरात पारा ४२-४३ वर असताना हा हिशेब कोठे पोहोचतो, ते वेगळे सांगायला नको.

चाइल्ड सीट या प्रसंगावरचा उपाय नव्हे, हे मलाही ठाऊक होते. परंतु गाडीत त्याची जागा कोणती, हे ठरलेले नसल्यामुळेच त्याला प्रत्येक जागा आपली वाटत होती. तोपर्यंत तो प्रवासात पुढे आजीच्या मांडीवर बसत असे आणि हात लांबवून गिअरच्या दांड्यापर्यंत पोहोचत असे. मांडीवर घट्ट धरले की मूल सुरक्षित असते, अशी सासूबाईंची ठाम समजूत होती. मी त्यांना कागदावर आकडेमोड करून दाखवली : ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर साडेबारा किलोचे मूल धरून ठेवण्यासाठी हातांना सुमारे पावणेदोनशे किलोचा भार पेलावा लागतो. सासूबाई तरुणपणी विहिरीचे पाणी ओढत असत. तरीही आकडा पाहून त्या गप्प झाल्या. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते आणि ती मोठ्या माणसाचे शरीर गृहीत धरून उघडते, हे मी त्यांना नंतर सांगितले.

आता वस्तूविषयी. ही सीट जन्मापासून १८ किलो वजनापर्यंत चालणारी आहे. तान्ह्या बाळासाठी ती गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवायची आणि वजन ९ किलोंच्या पुढे गेल्यावर पुढे तोंड करता येते, असे कंपनी सांगते. तज्ज्ञ मात्र सीट परवानगी देईल तोवर मुलाला मागे तोंड करूनच बसवावे, असे सांगतात, कारण त्या स्थितीत धक्का मानेवर न येता संपूर्ण पाठीवर पसरतो. आमचा मुलगा तेव्हाच साडेबारा किलोंचा होता आणि या सीटची मागे तोंड करण्याची मर्यादा १३ किलोंची आहे, त्यामुळे आम्हाला ती पुढे तोंड करूनच बसवावी लागली. किंमत ८,४०० रुपये पडली. सीटच्या मागील बाजूस नारिंगी रंगाचे लेबल असून त्यावर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आणि ४४/०४ हा चाइल्ड सीटच्या युरोपीय सुरक्षा मानकाचा आकडा आहे. आपल्याकडे ए.आय.एस. ०७२ हे मानक आहे. यांपैकी काहीच छापलेले नसलेली, निव्वळ गादी आणि पट्टे असलेली ‘सीट’ दुकानदाराने अडीच हजारांत पुढे केली होती. ती मी हातातही घेतली नाही.

आमची गाडी २०१६ सालची आहे आणि तिच्यात आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टशिवाय चाइल्ड सीट थेट अडकवण्याच्या, कड्या नाहीत. म्हणून गाडीच्याच तीन टोकांच्या बेल्टने बसणारी सीट घेणे भाग होते. ज्यांच्या गाडीत मागील सीटच्या बेचक्यात त्या कड्या आहेत, त्यांनी दोन-तीन हजार अधिक मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बेल्टची सीट नीट बसवणे ही साधी गोष्ट नाही आणि याच ठिकाणी आमची फसगत झाली.

दुकानातील मुलाने दहा मिनिटांत सीट बसवून दिली, वर शंभर रुपये घेतले. घरी आल्यावर मी ती हलवून पाहिली तर ती आमच्या जुन्या पलंगासारखी डुगडुगत होती. पुस्तिका इंग्रजीत आणि चित्रे टपाल तिकिटाएवढी. तरीही तासभर डोके घातल्यावर उलगडा झाला. सीटच्या अंगावर बेल्ट ओवण्याचे दोन मार्ग असतात, निळ्या खुणांचा मार्ग मागे तोंड असताना वापरायचा आणि लाल खुणांचा पुढे तोंड असताना. त्या मुलाने पुढे तोंड असलेल्या सीटचा बेल्ट निळ्या मार्गाने नेला होता. अपघातात ती सीट मुलासकट पुढे उलटली असती. रविवारी मी आणि यजमानांनी ती पुन्हा बसवली : त्यांनी गुडघा रोवून आपले संपूर्ण वजन सीटवर टाकले, मी बेल्ट लाल मार्गाने ओवून जोर लावून ओढला आणि सीटवरील चिमट्यात अडकवला. आपल्या गाड्यांचा बेल्ट एरवी सैल सुटतो आणि झटका बसल्यावरच अडकतो, म्हणून हा चिमटा लागतोच. तो राहून गेला की दोन दिवसांत सीट पुन्हा सैल होते. बेल्ट जेथून जातो तेथे हाताने धरून हलवल्यास सीट एका इंचाहून अधिक सरकता कामा नये, ही कसोटी. आम्हाला तिसऱ्या प्रयत्नात यश आले. त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी ती हलवून पाहते.

पाच टोकांचा आतील पट्टा हा या सीटचा सर्वांत चांगला भाग आहे. खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारे पट्टे एकाच बकलात अडकतात, आणि समोरची एक वादी ओढली की सगळे एकदम घट्ट होतात. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटीत पकडता आले तर तो सैल आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरते. पहिल्या महिन्यात मी त्याला त्रास होईल म्हणून तो थोडा सैलच ठेवत असे. परिणामी होटगी रस्त्यावर एकदा मागे आरशात पाहिले तर चिरंजीव दोन्ही हात बाहेर काढून उभे राहण्याच्या बेतात होते. मी गाडी कडेला घेतली, पट्टा आवळला आणि तो पुन्हा बसेपर्यंत इंजिन सुरू केले नाही. रडारड झाली. दोनदा असे झाल्यावर पट्टा आणि गाडी यांचा संबंध त्याला समजला, आणि आता पट्ट्याचा ‘टक्’ आवाज आल्याखेरीज तोच ‘आई, चालू नको करू’ असे बजावतो. बकलाचे लाल बटण मुद्दामच कठीण केलेले असते. आमच्या सासूबाईंना ते अद्याप उघडता येत नाही, ही गैरसोय म्हणावी की गुण, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

सोलापूरच्या हवेत मात्र ही सीट कमी पडते. कापड काळे आहे आणि आतील फोम इतका जाड की एप्रिलपासून मुलाची पाठ दहा मिनिटांत ओलीचिंब होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे बकलाचा धातू. उन्हात तासभर उभ्या गाडीतील बकल माझ्या बोटाला चटका देऊन गेले, तेव्हा ते उघड्या मांडीला लागले असते तर काय झाले असते याची कल्पना आली. आता गाडी उभी केली की मी सीट आपल्याकडच्याच पांढऱ्या टर्किश टॉवेलने पूर्ण झाकते, आणि बसवण्यापूर्वी बकल हाताने चाचपते. टॉवेल मुलाखाली मात्र घालत नाही; सीटसोबत न आलेली कोणतीही गादी किंवा जाड कापड मूल आणि पट्टा यांच्यामध्ये आले की पट्ट्यात ढिलाई राहते. हाच नियम थंडीतही लागू पडतो. जानेवारीत भल्या पहाटे अक्कलकोटला निघालो तेव्हा सासूबाईंनी त्याला जाड स्वेटर आणि वर जॅकेट घातले होते. जॅकेट काढले, पट्टा लावला आणि वरून सोलापुरी चादर पांघरली. चादर ओढून फेकण्यात त्याची पुढची पंधरा मिनिटे मजेत गेली.

लांबच्या प्रवासात सीट समाधानकारक ठरली. पुण्याचे अंतर अडीचशे किलोमीटर. पूर्वी टेंभुर्णी येईपर्यंत तो मांडीवर अक्षरशः फुटबॉल खेळत असे. आता आम्ही दीड-दोन तासांनी थांबतो, उतरवून पळू देतो आणि पुन्हा बसवतो. उंचावर बसल्यामुळे त्याला खिडकीतून बाहेरचे दिसते, उजनीचे पाणी दिसते, आणि मालट्रक मोजण्यात वेळ जातो. झोपल्यावर मान पुढे कलते, ही तक्रार खरी आहे. सीट मागे कलवण्याची सोय आहे, पण पुढे तोंड असताना ती जेमतेमच कलते. भडंग आणि चिवड्याचे कण बकलात गेले की ‘टक्’ आवाज येत नाही, तेव्हा बकल साध्या कोमट पाण्याने धुवावे, तेल अजिबात सोडू नये. कव्हर हाताने धुता येते, मात्र ते परत चढवणे हा स्वतंत्र पराक्रम आहे.

स्टिअरिंगच्या वेडाचे काय, असे कोणीही विचारेल. सीटवर लावण्यासाठी प्लॅस्टिकचे खेळण्यातील स्टिअरिंग मिळते, परंतु जोराच्या ब्रेकला सुटून येणारी कठीण वस्तू मला मुलाच्या तोंडासमोर नको होती. माझी नणंद गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते. तिने उरलेल्या निळ्या कापडाचे, कापूस भरलेले मऊ चाक शिवून दिले. त्यावर लाल बटण टाचलेले आहे, तो हॉर्न. मूल मागे बसून माझ्यासोबत गाडी चालवते आणि सिग्नलला मला ओरडते. या घरगुती चाकाने जे काम केले, ते आठ हजारांच्या सीटने एकटीने केले नसते, हे मान्य करायला हवे.

उभ्या गाडीबाबत या सीटचा काहीही उपयोग नाही. तेथे आमचे नियम वेगळे आहेत : दोन्ही किल्ल्या त्याच्या हाताबाहेरच्या खुंटीला, गाडी घरी असली तरी नेहमी कुलूपबंद, मागच्या दारांच्या कडेला असलेली चाइल्ड लॉकची कळ कायम लावलेली आणि काचांचे बटण चालकाकडून बंद. सकाळी मी कामावर निघताना तो गाडीमागे धावतो, आणि डिकीला खेटून उभे असलेले मूल आरशात दिसत नाही, म्हणून सासूबाई त्याला कडेवर घेऊन फाटकाच्या आत उभ्या राहतात. ते दोघे मला समोर दिसल्याशिवाय मी रिव्हर्स टाकत नाही.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. तो कोणी भरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पाचपैकी मी या सीटला साडेतीन गुण देते. एक गुण काळ्या कापडासाठी आणि तापणाऱ्या बकलासाठी कापला, अर्धा त्या टपाल तिकिटाएवढ्या चित्रांसाठी. समोरच्या वहिनींनी त्यांच्या मुलीसाठी हीच सीट मागवली आहे. फिकट रंगाची मागवा, एवढे मी सांगितले, आणि दुकानात बसवून न घेता गाडी आमच्या अंगणात आणा, असेही सांगितले. यजमानांचा गुडघा आणि माझी पुस्तिका दोन्ही तयार आहेत.