टारफुला आणि ज्वारी: एका जनुकाची राखण की अनेकांची?

टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. त्याचं बी मातीत दहा वर्षंही तग धरतं आणि ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या रसायनांची चाहूल लागली की रुजतं. तणाचं रोप जमिनीवर दिसेपर्यंत ज्वारीच्या मुळाचा रस शोषून झालेला असतो.

एसआरएन-३९ हा ज्वारीचा वाण ती चाहूलच लागू देत नाही. त्यात एलजीएस-१ जनुक निकामी असल्यामुळे मुळं ५-डीऑक्सिस्ट्रिगॉल या स्ट्रिगोलॅक्टोनऐवजी मुख्यतः ओरोबँकॉल हे दुसरं स्ट्रिगोलॅक्टोन सोडतात आणि टारफुल्याचं बी फारसं जागं होत नाही. इथिओपियात जन्मलेल्या गेबिसा एजेटा यांना ज्वारीवरील कामासाठी २००९चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्यात टारफुल्याला दाद न देणारे वाण होते. हा गुण एका अप्रभावी (दोन्ही प्रती तशाच असतील तरच दिसणाऱ्या) जनुकाचा, म्हणून संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत साधारण चारांतल्या एका झाडात उतरतो. निवड सोपी, मात्र संकरित वाणात तो दोन्ही पालकांकडून यावा लागतो.

एन-१३ ही भारतीय ज्वारी. इथे बी रुजतं, पण मुळातल्या जाड पेशीभित्तिकांशी अडतं. हा गुण अनेक जनुकांत विखुरलेला, त्यात हवामानाचा प्रभाव; नुसत्या डोळ्यांनी निवडणं जिकिरीचं. सुदानमध्ये पैदासकारांनी डीएनएच्या खुणा धरून तो स्थानिक वाणांत उतरवला.

घाई असेल तर पहिला मार्ग बरा. पण एकाच कुलपाची किल्ली तणाला कधीतरी सापडते, म्हणून माझा भरवसा दुसऱ्यावर जास्त. दोन्ही एका वाणात आणता आले, तर रुजलेलं थोडं बीही मुळाशीच अडेल.