गाडीच्या फ्लोअरवरचं जुनं डांबर: ड्राय आइस की हीट गन?
2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापुरातल्या ज्या गाड्यांत पाणी शिरलं, त्यांच्या फ्लोअरला आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी पॅड उचलल्याशिवाय खालचा गंज कळत नाही.

सपाट भागाला ड्राय आइसच, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे 78 अंशांचा 2-3 किलो चुरा पॅडवर पसरून 10 मिनिटं थांबा. डांबर पत्र्यापेक्षा जास्त आकसतं, तडतड ऐकू येते. मग रबरी हातोडीच्या हलक्या टोल्याने काचेसारखे तुकडे सुटतात आणि रंग शाबूत राहतो. चारही दरवाजे उघडे ठेवा. कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साचतो, आणि वाकलेल्या माणसाचं डोकं नेमकं तिथंच असतं. हातमोजे जाडच हवेत.

उभ्या बाजूंवर चुरा टिकत नाही, तिथं हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत मारणारं यंत्र. झोत पुढे, प्लास्टिकची पट्टी मागे, एका वेळी वीतभरच. धूर दिसला की जास्त तापलं समजा. डांबर पातळ होऊन पत्र्याच्या जोडात शिरतं आणि काम दुप्पट होतं. पत्र्याखालून पेट्रोलची नळी किंवा वायरिंग जाते का, हे आधी वाकून बघा.

नमद्याखालचा (दाबलेल्या तंतूंच्या जाड थराखालचा) पिवळा गोंद मात्र चिवट. थंडीने तो तुकडे होऊन सुटत नाही, ड्राय आइसचे पैसे वाया. गरम करून खरवडा, उरलेल्यावर टर्पेंटाइनचं फडकं 15 मिनिटं ठेवा. गन पूर्ण गार होईपर्यंत टर्पेंटाइन गाडीजवळ आणू नका. थिनर नको, रंगच उतरतो.

पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा.