मुंबई ते न्यूयॉर्क: डायरेक्ट की दुबईमार्गे?

आईबाबांना न्यूयॉर्कला बोलवायचं म्हटलं की आधी हाच प्रश्न येतो. नकाशावर सरळ मोजलं तर मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा मोठा विमानतळ) साधारण १२,५०० किलोमीटर, आणि दुबईमार्गे बघितलं तर आधी १,९०० आणि मग ११,०००, म्हणजे फक्त चारशेच्या आसपास जास्त, कारण दुबई तशी वाटेतच पडते.

पण वेळेचं गणित वेगळं आहे. डायरेक्ट विमानाला जाताना १५-१६ तास, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर भारतीय विमान कंपन्यांना वळसा पडायला लागला, त्यामुळे त्याहूनही जास्त. दुबईमार्गे नुसतं उडणंच तीन अधिक चौदा तास, वर मधला थांबा, तो दोन तासांचा मिळाला तर बरं, नाहीतर मध्यरात्री सात-आठ तास खुर्चीत. येताना मात्र वरचे वारे पाठीमागून ढकलतात म्हणून दोन्ही मार्गांनी दीड-दोन तास वाचतात.

तिकीट बऱ्याचदा दुबईमार्गे स्वस्त पडतं हे खरं, तरुण माणसाने खुशाल घ्यावं, उलट मधे पाय मोकळे होतात. पण सत्तरीच्या आईला तिथली ती पुन्हा सिक्युरिटी, आतली ट्रेन, लांबलचक चालणं, बदललेलं गेट, हे एकटीने करायला लावू नका हो. डायरेक्टच काढा, आईल सीट घ्या, आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगा.