मॅग्नेशिअम की जस्त? आम्लासोबतची उष्णता मोजायची तर

शाळेत उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, अभिक्रिया दाखवायची आहे, मॅग्नेशिअमची फीत मागवू की जस्ताचे दाणे, असं एका शिक्षिकेनं विचारलं.

उष्णतेत मॅग्नेशिअम सरळ पुढे आहे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात एक मोल (म्हणजे अणूंची ठरावीक संख्या) मॅग्नेशिअम सुमारे 467 किलोज्यूल उष्णता देतं, जस्त सुमारे 153. त्यात मॅग्नेशिअमचा अणू हलका, म्हणून ग्रॅममागे फरक आठपट होतो. 50 मिली आम्लात 0.1 ग्रॅम फीत टाकली की तापमान हिशेबानं 9 अंशांच्या आसपास चढतं. तेवढ्याच जस्तानं जेमतेम एक अंश, तोही हळूहळू. तेवढ्यात भांडं उष्णता बाहेर सोडत राहतं. फीत करडी पडली असेल तर आधी पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, नाहीतर वरचा ऑक्साइडचा थर आकडा बिघडवतो.

जस्ताला वेग यावा म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. हायड्रोजन वायू जमवायला हे उत्तम. उष्णता मोजताना मात्र अजिबात नको, कारण जस्त आणि मोरचूद यांची स्वतंत्र अभिक्रियाही उष्णता देते.

टिकाऊपणात जस्त बरं, बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहतं. हायड्रोजन दोन्हींतून निघतो, तेव्हा खिडक्या उघड्या, चष्मा डोळ्यांवर, ज्योत लांब.

तापमापीवर वाढ दाखवायची, आलेख काढायचा, तर मॅग्नेशिअमच घ्या. हायड्रोजन सावकाश जमवून त्याची परीक्षा घ्यायची असेल, तर जस्त.