ऑलिंपिकचं यजमानपद: छप्पर गळायला लागल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या सरकारने मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियमवर नवं छप्पर घालण्यासाठी 87 कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर केले. स्पर्धा झाली होती 1976 मध्ये, सोळा दिवसांची. तिचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं, आणि त्यासाठी तंबाखूवर खास कर लावून तीस वर्षं वसुली चालली. कर्ज फिटलं, छप्पर मात्र मानगुटीवरून उतरलं नाही. आता येतंय ते तिसरं.

यजमानपदाचे फायदे सगळ्यांनी वाचलेले असतात: देशाची मान उंचावते, पर्यटक येतात, पोरं खेळाकडे वळतात वगैरे. ते सगळं जाहिरातीतलं. यजमानपद ही विकत घेतलेली वस्तू धरली, तर पाहुणे गेल्यावर ती कशी वागते आणि तिला पाचपैकी किती तारे द्यावे, एवढाच इथे विषय, आणि तोही बराचसा छपराचा. बाकीच्या मुद्द्यांवर अन्याय होईल, होऊ दे. शहराने यजमानपद विचार करून घेतलं की हौसेपोटी, हे मुख्य स्टेडियमच्या छपराकडे बघून जितकं कळतं तितकं जाडजूड अहवालांतूनही कळत नाही.

मॉन्ट्रियलचंच घ्या. कल्पना अशी की स्टेडियमशेजारी 165 मीटर उंचीचा कलता मनोरा उभा करायचा आणि त्यावरून सोडलेल्या 26 दोरांनी केव्लार या मजबूत कृत्रिम धाग्याचं छत वर ओढून घ्यायचं. स्पर्धेच्या वेळी मनोराच अर्धवट होता, त्यामुळे ऑलिंपिक उघड्यावर झालं. छत बसलं 1987 मध्ये, म्हणजे ज्यासाठी घेतलं ते होऊन अकरा वर्षं झाल्यावर. वारा जरा वाढला की ते हलवता यायचं नाही, आणि हलवलं की फाटायचं. शेवटी 1998 मध्ये न उघडणारं कापडी छत घातलं. पुढच्याच जानेवारीत बर्फाच्या भाराने त्याचा एक भाग फाटला आणि बर्फ खाली प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या कामगारांवर कोसळला. त्यानंतर नियम झाला: छतावर तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फ असेल तर आत कार्यक्रम घ्यायचा नाही. मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात हा नियम म्हणजे महिनोन्‌महिने टाळंच. मधल्या काळात ठिगळं लावायच्या भोकांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. मग पाडून का टाकत नाहीत? पाडायचा अंदाज दोन अब्ज डॉलरचा आहे. अशा वस्तूला परतीची सोय नसते.

छप्पर एवढं नडतं कशाने, तर धावण्याच्या ट्रॅकमुळे. फुटबॉलचं मैदान 105 बाय 68 मीटरचं. आठ पट्ट्यांचा 400 मीटरचा ट्रॅक सुमारे 177 बाय 93 मीटर जागा खातो. शिवाय उद्घाटनाला साठ ते ऐंशी हजार माणसं बसवायची, म्हणजे आसनांच्या रांगा खोलवर मागे जातात. मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत सावली द्यायची आणि मध्ये खांब नको, म्हणून छप्पर मागच्या कडेवरून पुढे झोकावं लागतं. हा झोक दुप्पट केला की मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो. लोखंड वाढतं, पाया वाढतो, आणि सगळा हिशेब अशा ट्रॅकसाठी, जो स्पर्धेनंतर बहुतेक वेळा कुणालाच नको असतो.

वजन कमी करायला म्हणून कापडी छत निवडतात. टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूचं कापड पंचवीस-तीस वर्षं टिकतं, पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिएस्टर त्याहून बरंच कमी. तेही ताण नीट राहिला तर. दोर सैल पडला की कापडाला पोट सुटतं, पोटात पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने पोट आणखी खाली येतं आणि आणखी पाणी साचतं. गळती सुरू होते ती बहुधा शिवणीवर किंवा चिमट्याच्या कडेला, जिथे कापड धातूवर घासतं. वाऱ्याची तऱ्हा उलटी: तो छप्पर खाली दाबत नाही, वर उचलतो. म्हणून दोरांचा ताण मोजणं, चिमटे आवळणं, पाणी उतरायच्या वाटा मोकळ्या ठेवणं हे काम कायमचं. यजमानपदाच्या बोलीच्या कागदपत्रांत बांधकामाचा आकडा ठळक असतो, या कामाचा शोधावा लागतो.

हे फक्त थंड देशांचं दुखणं समजू नका. रिओने 2007 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेसाठी एन्जेन्याओ स्टेडियम बांधलं. सहाच वर्षांत, 2013 मध्ये, जोराच्या वाऱ्यात छप्पर धोकादायक ठरतंय म्हणून ते बंद करावं लागलं. 2016 च्या ऑलिंपिकला तेच डागडुजी करून वापरलं. त्या ऑलिंपिकसाठी नव्याने बांधलेल्या सायकलिंगच्या वेलोड्रोमचं छप्पर पुढच्याच वर्षी आकाशकंदील पडून पेटलं. अथेन्सने 2004 मध्ये दोन भल्यामोठ्या कमानी शेवटच्या घटकेला सरकवून स्टेडियमवर छप्पर बसवलं, आणि त्याच गडबडीत जलतरण तलावाचं छप्पर रद्द केलं. जलतरणपटू ऑगस्टच्या उन्हात पोहले. एकोणीस वर्षांनी, 2023 मध्ये, कमानींच्या मजबुतीवरून शंका निघाल्या आणि मुख्य स्टेडियम व वेलोड्रोम दोन्हींना टाळं लागलं.

टोकियो त्यातल्या त्यात वेळेवर शुद्धीवर आलं. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेल्या स्टेडियमचा अंदाज 252 अब्ज येनवर गेला, त्यातला मोठा बोजा छप्पर पेलणाऱ्या अजस्र कमानींचा होता. जुलै 2015 मध्ये सरकारने आराखडाच रद्द केला. बेजिंगनेही 'पक्ष्याचं घरटं' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुख्य स्टेडियमचं उघडझाप करणारं छप्पर 2004 मध्येच वगळलं होतं. ज्यांनी छप्पर रद्द केलं त्यांना पस्तावल्याचं ऐकिवात नाही.

सगळ्यात चीड येते ती 2012 च्या लंडनची, कारण तिथे योजना चांगली होती. ऐंशी हजार आसनांपैकी पंचावन्न हजार तात्पुरती, स्पर्धा संपली की उतरवायची आणि खाली पंचवीस हजारांचं आटोपशीर मैदान ठेवायचं. छप्परही त्याच हिशेबाने हलकं, साधारण दोन तृतीयांश आसनांवर. मग ठरलं की मोठंच ठेवायचं आणि फुटबॉल क्लबला द्यायचं. फुटबॉलला सगळ्या आसनांवर छप्पर हवं, म्हणून जुनं काढून नवं घातलं. वरचे दिव्यांचे मनोरे उतरवून दिवे छपराखाली टांगले. बांधायला 42.9 कोटी पौंड लागले होते, बदलायला आणखी 32.3 कोटी. ट्रॅक ठेवायचाच म्हणून खालची आसनं मागेपुढे सरकणारी केली. ती सरकवायला वर्षाला तीन लाख लागतील असं गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात ऐंशी लाखांच्या घरात गेले. भाडेकरू क्लब वर्षाला देणार सुमारे पंचवीस लाख. दळणाच्या पैशापेक्षा गिरणीचं वीजबिल जास्त.

इथवर वाचून मत स्पष्ट दिसतं: घेऊ नका. पण हिशेब पुढे नेला की ते तसंच्या तसं टिकत नाही.

ग्लासगोने 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी हॅम्पडेन पार्क हे जुनं फुटबॉल मैदान घेतलं. ट्रॅक बसत नव्हता, कारण खाली जागा अरुंद आणि वर रुंद. त्यांनी जमिनीची पातळीच 1.9 मीटर वर उचलली. सुमारे सहा हजार पोलादी टेकू, त्यावर तळ, त्यावर खडीचे थर आणि वर ट्रॅक. खालच्या आठ रांगा झाकल्या गेल्या, तेवढी प्रेक्षकसंख्या घटली, आणि त्या बदल्यात मैदान हवं तितकं मोठं झालं. खर्च 1.4 कोटी पौंड. स्पर्धा संपली, सगळं उकललं, मैदान पुन्हा फुटबॉलला. छपराला हातही लावला नाही. लंडनच्या नुसत्या बदलकामाच्या पैशात असे वीसपेक्षा जास्त ट्रॅक उचलता आले असते.

मँचेस्टरने 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत उलट दिशेने तेच साधलं. भाडेकरू आधी पक्का केला. ट्रॅकच्या पातळीखाली आणखी एक टप्पा आसनांची सोय ठेवली आणि एका टोकाला तात्पुरता स्टँड उभा केला. स्पर्धेनंतर ट्रॅक काढला, जमीन खाली खोदली, आसनं वाढून 38 हजारांची 48 हजार झाली. छप्पर पहिल्या दिवसापासून फुटबॉलच्या मापाने आखलेलं होतं. स्पर्धेने त्याच्याशी जुळवून घेतलं.

आणि म्युनिक. काटकसरीच्या नजरेने मी ज्याला सगळ्यात आधी नावं ठेवली असती, ते 1972 चं पारदर्शक अॅक्रिलिकचं, सुमारे 75 हजार चौरस मीटरचं तंबूवजा छत आजही उभं आहे. त्याचे तक्ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बदलले. लोक तिकीट काढून त्यावर चढतात. 2022 मध्ये त्याच संकुलात अनेक खेळांची युरोपियन स्पर्धा झाली. मुख्य फुटबॉल क्लब मात्र 2005 मध्ये निघून गेला, ट्रॅकने प्रेक्षक लांब ठेवले हे कारण होतंच. तरी संकुल रोज वापरात राहिलं, कारण ते शहराच्या बागेत आहे, शहराबाहेरच्या माळावर नाही. याचा एक तारा द्यावाच लागतो.

छप्परच न घालण्याचा प्रयोगही झालाय. प्योंगचांगने 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकला पस्तीस हजारांचं पंचकोनी स्टेडियम बिनछपराचं बांधलं, चार कार्यक्रम केले आणि उतरवून टाकलं. थंडी कडाक्याची, म्हणून प्रत्येक प्रेक्षकाला घोंगडी, टोपी आणि ऊब देणाऱ्या पिशव्या वाटल्या. छपरापेक्षा घोंगड्या स्वस्त. फक्त चार कार्यक्रमांसाठी मुळात स्टेडियम कशाला, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

रस्ते, मेट्रो, विमानतळ यांचं थोडक्यात. अथेन्सला मेट्रो आणि विमानतळ मिळाला, दिल्लीला 2010 मध्ये टर्मिनल 3. ही कामं खरी उपयोगाची. पण ती स्पर्धेशिवायही करता येतात, आणि स्पर्धेची तारीख हलत नाही हे कंत्राटदाराला ठाऊक असल्यामुळे शेवटच्या वर्षात भाव तोच ठरवतो. दिल्लीची विमानतळ मेट्रो तर स्पर्धा संपल्यावर, फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली. अपवाद पॅरिसचा. सीन नदीच्या सफाईवर सुमारे 1.4 अब्ज युरो घातले, स्पर्धेत पाण्याच्या दर्जावरून छी-थू झाली, पण जुलै 2025 मध्ये लोकांना तिथे पोहायची परवानगी मिळाली, 1923 नंतर पहिल्यांदा. हा फायदा खरा. त्याला छप्पर लागत नाही.

किंमतीबद्दल: ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी 1960 पासूनच्या ऑलिंपिकचे हिशेब तपासले, तेव्हा आकडे उपलब्ध असलेलं एकही ठरल्या खर्चात बसलेलं नव्हतं. मॉन्ट्रियल 720 टक्के वर. तूट आली तर ती भरण्याची हमी यजमानाने द्यायची, हा करारातला मुख्य काटा. तो फक्त 1984 मध्ये लॉस एंजेलिसने काढून घेतला, कारण तेहरानने माघार घेतल्यावर दुसरा ग्राहकच उरला नव्हता. 1932 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम पुन्हा वापरलं, तलाव आणि वेलोड्रोम प्रायोजकांकडून बांधून घेतले, आणि वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली. ग्राहक एकटा असला की घासाघीस करता येते. आता पुन्हा तशी वेळ आहे: हनोईने 2019 साठी मिळालेल्या आशियाई स्पर्धा सोडल्या, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धा सोडल्या आणि वर 38 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मोजली. ग्लासगोने त्या दहा खेळ, चार ठिकाणं आणि अॅथलेटिक्ससाठी दहा हजारांचं छोटं स्टेडियम एवढ्यावर घेतल्या.

तरीही घ्यायचंच असेल तर सही करण्याआधी तीन कागद मागा. पहिला, मुख्य स्टेडियमच्या पुढच्या वीस वर्षांच्या भाडेकरूचा करार, आणि तो पाया खणायच्या आधीचा. दुसरा, 'स्पर्धा रूप' आणि 'नंतरचं रूप' यांचे वेगवेगळे नकाशे, ज्यात छप्पर नंतरच्या रूपाच्या मापाचं आहे आणि रूप बदलायचा खर्च मूळ अंदाजातच धरलाय. तिसरा, छताच्या कापडाचं आयुष्य संपेल तेव्हा ते बदलायला दरवर्षी बाजूला ठेवायच्या रकमेचा तक्ता. यातला एक जरी 'प्रक्रियेत आहे' असं उत्तर देऊन टाळला, तर बोली मागे घ्या. जुनं मैदान असेल तर चौथा कागद, ट्रॅक वर उचलता येतो का याचा तपासणी अहवाल. हा सगळ्यात स्वस्त आणि कुणी मागतच नाही.

तारे: जुन्या छपराखाली भरवत असाल तर पाचपैकी चार. एखादं नवं, पण भाडेकरूच्या मापाचं, तर तीन. स्पर्धेसाठी नवं मोठं छप्पर, तर एक, तोही टाळता येत नाही म्हणून.

ब्रिस्बेन 2032 साठी वेगळी नोंद. बोलीत 84 टक्के ठिकाणं जुनी किंवा तात्पुरती असतील असं सांगितलं होतं. मार्च 2025 मध्ये 63 हजारांचं नवं स्टेडियम ठरलं, अंदाज 3.8 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. एरवी इथेच तारे कापले असते, पण स्पर्धेनंतर तिथे क्रिकेट आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालणार. ते मैदान मुळातच लंबगोल, त्यामुळे ट्रॅक काढल्यावर प्रेक्षक फार लांब पडत नाहीत. मेलबर्नने 2006 मध्ये क्रिकेटच्या मैदानावर तात्पुरता ट्रॅक घालून राष्ट्रकुल स्पर्धा घेतल्या आणि नंतर काढून टाकला. म्हणून सध्या अडीच तारे. बदल करायचा तर छपराची निविदा उघडल्यावर.