प्राग की व्हिएन्ना? उन्हाळ्यात दोघांनीच जायचं तर

व्हिसा एकच शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), मधे ट्रेनचे साधारण चार तास, त्यामुळे खरंतर दोन्ही होतात, पण दिवस कमी असतील तर कुठे जास्त राहायचं हा प्रश्न येतोच. प्राग चालायचं शहर आहे, सगळीकडे दगडी फरशी, चाकाची बॅग ओढताना हात भरून येतो आणि बायकोने हिल्स घातल्या तर भांडण नक्की 😄 चार्ल्स ब्रिजवर दुपारी नुसती जत्रा असते, म्हणून सकाळी सहाला जा, १३५७ मधे बांधायला घेतलेला तो पूल तेव्हा जवळपास तुमच्या दोघांचाच. जुन्या चौकातल्या १४१० च्या खगोलीय घड्याळासमोर तासाच्या ठोक्याला सगळे मोबाईल वर करून उभे, ते एकदा बघितलं की बास. आणि हो, तिथे युरो नाही, कोरुना चालतो, रस्त्यावरच्या एक्स्चेंजवाल्यांपासून लांबच राहा.

व्हिएन्ना महाग, पण निवांत. ऐन उन्हात नळाला आल्प्सचं गार पाणी, बाटली फुकट भरा. चित्रकार क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र बेल्व्हेडेर राजवाड्यातल्या संग्रहालयात बघा. स्टेट ऑपेरा मात्र जुलै-ऑगस्टमधे बंद असतो, त्याच्यासाठीच जाणार असाल तर जूनमधेच उरका. फक्त फोटो हवेत तर प्राग, पण मला विचाराल तर जास्तीच्या रात्री व्हिएन्नालाच.